‘नस बंद झाली’ : कागदावर नेमके काय लिहिले आहे?

आपल्या बोलीतला ‘नस’ हा शब्द फार कामाचा आहे. मान आखडली की ‘नस दबली’, पोटरीवर निळ्या गाठी उठल्या की ‘नसा फुगल्या’, छातीत कळ येऊन आजोबांना दवाखान्यात हलवावे लागले की ‘हृदयाची नस बंद झाली’. पहिल्या वाक्यातली नस म्हणजे मज्जातंतू, दुसऱ्यातली शीर आणि तिसऱ्यातली धमनी. तिघींचे काम वेगळे, आजार वेगळे, औषधेही वेगळी. घरातल्या बोलण्यात संदर्भावरून अर्थ लागतो. कागदाला मात्र संदर्भ नसतो. त्यावर जेवढे लिहिले तेवढेच पुढच्या डॉक्टरला दिसते.

ज्येष्ठ वाचकहो, आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या मुला-सुनांनो, लेकी-जावयांनो, धमनीतील अडथळ्याच्या आजारात काय खावे आणि किती चालावे यावर आपण पुष्कळ वाचले असेल. या लेखाचा विषय त्या आजाराचा कागद हा आहे. हा आजार एका उपचाराने संपत नाही. तो दहा-पंधरा वर्षे सोबत राहतो. तेवढ्या काळात डॉक्टर बदलतात, गावे बदलतात, सोबत येणारे माणूसही बदलते. सर्वांना जोडणारा धागा म्हणजे कागद, आणि तो धागा तुटला तर रुग्णाच्या जिवाला धोका होऊ शकतो.

एक गाव, अनेक दवाखाने

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीच्या मंदिरामुळे परिचित असलेले गाव. समजा, तेथील सत्तरीच्या एखाद्या आजोबांच्या छातीत दुखू लागले. पहिली तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात होईल, तेथे हृदयाचा आलेख निघेल. पुढचा मुक्काम बीडचे जिल्हा रुग्णालय, अथवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी करायची तर छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर किंवा पुणे. परत आल्यावर रक्तदाब मोजणारे डॉक्टर पुन्हा गावाजवळचे. एका आजारासाठी अशी तीन-चार ठिकाणे, आणि प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर.

त्यात बीड जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी येथील हजारो कुटुंबांतील कर्ती माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात. घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले उरतात. मुलाने पुण्याला नेऊन वडिलांना स्टेंट बसवून आणलेला असतो. पण थंडीत पुन्हा त्रास झाला तर दवाखान्यात सोबत जातो नातू किंवा शेजारी. “मागे काय झाले होते?” या डॉक्टरांच्या प्रश्नाला त्याच्याकडे “ब्लॉकेज होते” एवढेच उत्तर असते. मुलगा फडात असतो, फोन लागत नाही, आणि फाइल कपाटात कुठे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी नीट लिहिलेला आणि हाताशी असलेला एक कागद मुलाच्या जागी उभा राहतो.

आजाराला क्रमांक कशासाठी?

मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय अभिलेख विभाग असतो. रुग्ण घरी गेला की तेथील कर्मचारी त्याचा केसपेपर वाचून आजाराला एक सांकेतिक क्रमांक देतात. यालाच कोडिंग म्हणतात. हे क्रमांक जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण’ या यादीतून घेतले जातात. यादीचे मूळ जुने आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी मांडली. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी दहावीचे क्रमांक आजही सर्रास दिसतात.

धमनीतील अडथळ्याला या यादीत एकच घर नाही. हृदयाच्या धमन्यांत मेदाचे थर साचून त्या अरुंद झाल्या असतील तर आय २५.१. ताजा हृदयविकाराचा झटका म्हणजे आय २१. मात्र झटक्याला चार आठवडे उलटून गेले असतील तर तो जुना ठरतो, आणि त्याचा क्रमांक आय २५.२ होतो. मेंदूची धमनी बंद पडून अर्धांगवायू झाला, ज्याला गावाकडे ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात, तर आय ६३. मानेतील धमनी अरुंद आहे, पण मेंदूला इजा झालेली नाही, तर आय ६५. पायाच्या धमन्यांतील काठिण्य आय ७०.२ मध्ये जाते. हृदयातून सुटलेली गुठळी अचानक पायाच्या धमनीत अडकली तर आय ७४. पायाचा हाच त्रास मधुमेहामुळे असल्याचे डॉक्टरांनी लिहिले, तर तो मधुमेहाच्या घरात, म्हणजे ई ११.५ मध्ये नोंदला जातो.

हे क्रमांक पाठ करण्याची आपल्याला गरज नाही. एक नियम मात्र लक्षात ठेवावा. क्रमांक देणाऱ्याला अंदाज करण्याची मुभा नसते. अँजिओग्राफीच्या अहवालात काहीही दिसत असले, तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी निदानाच्या ओळीत जे लिहिले आहे त्यालाच क्रमांक मिळतो. तेथे नुसते ‘ब्लॉकेज’ असेल तर कोणत्या अवयवाचे, हेदेखील ठरत नाही. पुढच्या डॉक्टरांची अडचण हीच असते. म्हणून निदान नेमके लिहिले जाणे हे रुग्णाच्याच हिताचे आहे.

घरी निघताना पाच प्रश्न

डिस्चार्ज कार्ड हातात पडले की गडबडीत पिशवीत टाकू नये. खुर्चीवर बसून वाचावे आणि पाच प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात का ते पाहावे.

पहिला, कोणती धमनी? हृदयाची, मानेची, मूत्रपिंडाची की पायाची? हृदयाची असेल तर तिची कोणती शाखा?

दुसरा, कोणती बाजू? पायाच्या आणि मानेच्या बाबतीत उजवे-डावे लिहिलेले असलेच पाहिजे. मानेतील डाव्या धमनीचा परिणाम शरीराच्या उजव्या बाजूवर दिसतो. त्यामुळे घरच्यांच्या सांगण्यात येथे हमखास गोंधळ होतो.

तिसरा, अडथळा किती आणि कशामुळे? ‘ऐंशी टक्के ब्लॉक’ हे अर्धे वाक्य आहे. हृदयाच्या मुख्य शाखांत साधारणपणे ७० टक्के किंवा अधिक अडथळा महत्त्वाचा मानतात. डाव्या मुख्य धमनीच्या बुंध्याशी मात्र ५० टक्केदेखील गंभीर समजतात. मेदाचा थर, ताजी गुठळी की मधुमेह, हे कारणही लिहिलेले असावे.

चौथा, केव्हा? झटका कोणत्या तारखेला आला, त्रास कधीपासून होता, स्टेंट कोणत्या दिवशी बसला. ‘मागच्या वर्षी’ या शब्दांचा अर्थ दरवर्षी बदलतो. तारीख बदलत नाही.

पाचवा, काय केले आणि पुढे काय करायचे? नुसती तपासणी झाली, फुगा फिरवला, स्टेंट बसवला की बायपास झाली? रक्त पातळ ठेवणारी कोणती गोळी किती महिने घ्यायची?

पाचव्या प्रश्नाचे महत्त्व जिवाशी निगडित आहे. स्टेंट बसवल्यानंतर सहसा अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम दुसरी गोळी काही महिने, अनेकदा वर्षभर, चालू ठेवतात. त्या काळात दात काढायचा असतो, मोतीबिंदूचे शिबिर लागते, आणि “रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवा” असे कोणीतरी सुचवते. स्टेंट कधी बसला हे कागदावर असेल तर तेथील डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच निर्णय घेतील. कागद नसेल आणि गोळ्या परस्पर बंद झाल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येण्याचा धोका संभवतो.

यांतील एखादे उत्तर न सापडल्यास संकोच करू नये. “डॉक्टरसाहेब, पुढे दुसरीकडे दाखवावे लागले तर उपयोगी पडेल, एवढे लिहून देता का?” असे नम्रपणे विचारले तर कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

आखूड अक्षरांचे मोठे अर्थ

डिस्चार्ज कार्डावर पूर्ण शब्द क्वचितच असतात. काही आखूड रूपे ओळखता आली तर कागद बोलू लागतो. ‘सीएडी’ म्हणजे हृदयाच्या धमन्यांचा विकार. ‘एसव्हीडी’, ‘डीव्हीडी’, ‘टीव्हीडी’ म्हणजे अनुक्रमे एका, दोन किंवा तीन मुख्य धमन्यांत अडथळा. ‘एलएडी’ ही हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरणारी डावी शाखा, ‘एलसीएक्स’ ही वळसा घेऊन मागे जाणारी डावी शाखा आणि ‘आरसीए’ ही उजवी धमनी. ‘पीटीसीए’ म्हणजे अँजिओप्लास्टी, ‘डीईएस’ म्हणजे औषधाचा लेप असलेला स्टेंट, ‘सीएबीजी’ म्हणजे बायपास. ‘ईएफ’ हा आकडा हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद सांगतो. निरोगी हृदयात तो साधारणतः ५५ टक्क्यांच्या वर असतो.

काही खुणा याहूनही महत्त्वाच्या आहेत. आजाराच्या नावाआधी प्रश्नचिन्ह असेल, तर तो फक्त संशय आहे. तपासणीनंतर संशय खरा ठरला की फिटला, हे शेवटच्या कागदावर आले आहे का ते पाहावे. नाहीतर जुना संशय पुढच्या कागदांत निदान म्हणून उतरत राहतो. ‘के/सी/ओ’ म्हणजे आधीपासून असलेला विकार. ‘एस/पी’ म्हणजे अमुक उपचार होऊन गेल्यानंतरची स्थिती.

आखूड रूपांत फसगतही होते. ‘पीव्हीडी’ हे अक्षरत्रय पायाच्या कागदावर असेल तर अर्थ होतो हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार. तेच नेत्रतज्ज्ञांच्या कागदावर असेल तर अर्थ होतो डोळ्यातील पारदर्शक गराचे पडद्यापासून सुटणे, जे उतारवयात पुष्कळांना होते. ‘डीव्हीटी’ ही पायाच्या खोल शिरेतील गुठळी. तिचा धमनीतील अडथळ्याशी गोंधळ करू नये, कारण दोहोंची औषधे वेगळी असतात. म्हणून प्रत्येक तज्ज्ञाचे कागद वेगळे लावावेत आणि ज्याचा अर्थ लागत नाही त्याचा पूर्ण शब्द विचारून पेन्सिलीने शेजारी लिहून ठेवावा.

योजना, विमा आणि कागद

उपचाराचा खर्च कोण देणार हेही या कागदांवरच ठरते. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महाराष्ट्रभर पसरली आणि २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ७० वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डही सुरू झाले आहे.

अशा योजनेत आधी मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी देणारे डॉक्टर रुग्णाला प्रत्यक्ष पाहत नाहीत. ते आलेख, अँजिओग्राफीची चित्रे आणि लिहिलेले निदान पाहतात. निदान आणि सुचवलेला उपचार जुळला नाही तर शंका काढली जाते आणि वेळ जातो. शिधापत्रिकेवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि केसपेपरवर तिसरेच, हा घोळ तर आपल्या हातात आवरण्याजोगा आहे. दाखल होतानाच नाव, वय आणि जन्मवर्ष ओळखपत्राप्रमाणे लिहून घ्यावे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. त्यांना पहिल्याच दिवशी भेटावे. राज्य योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर, तर आयुष्मान भारतची १४५५५ वर मिळते.

खासगी विमा असेल तर “बीपी किती वर्षांपासून आहे?” या प्रश्नाचे उत्तर जपून आणि खरे द्यावे. घाईत कोणीतरी “असेल दहा-बारा वर्षे” म्हणतो, ते जसेच्या तसे लिहिले जाते आणि विम्याआधीचा आजार म्हणून दावा अडतो. लपवू नये, तसेच अंदाजही ठोकू नये. पहिल्या औषधचिठ्ठीची तारीख हे सर्वांत चांगले उत्तर.

बिलाकडेही पाहावे. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. त्याच वेळी बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे लिहिणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. स्टेंटच्या वेष्टनावरचा चिकटपट्टा किंवा सोबतचे कार्ड मागून घ्यावे. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर तेथे स्टेंटची माहिती विचारतातच.

कागद मागणे हा हक्क आहे

“फाइल आमच्याकडेच राहते” असे ऐकून अनेक जण मुकाट परत येतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागणी केल्यास ते ७२ तासांत उपलब्ध करून द्यायचे असतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये, गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाला त्याचे कागद नाकारता येणार नाहीत, असे स्पष्ट केले आहे. मागणी लेखी करावी, तारीख घालावी आणि पोच घ्यावी. मुदत तीन वर्षांची असल्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नये.

घरातली फाइल

फाइल साधी असावी. सर्वांत वर एक पान मराठीत, ठळक अक्षरांत, घरातील शाळकरी मुलालाही वाचता येईल असे असावे. त्यावर नाव, वय, रक्तगट. आजाराचे पूर्ण निदान. झटका, स्टेंट अथवा बायपास यांच्या तारखा. चालू औषधे आणि त्यांच्या वेळा. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असल्यास त्याचा उल्लेख. आणि दोन फोन क्रमांक. त्याखाली डिस्चार्ज कार्डे, नवे वर आणि जुने खाली. मग अँजिओग्राफीचा अहवाल आणि चकती, इकोचा अहवाल, रक्ताच्या तपासण्या, शेवटी बिले.

हृदयाचा आलेख अनेकदा उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर असतो. काही वर्षांत त्याची रेषा फिकी पडते. त्याला लॅमिनेशनही करू नये. उष्णतेने तो काळा पडतो. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो घ्यावा. जुना आलेख फार मोलाचा असतो, कारण आजचा बदल नवा की जुना हे त्याच्याशी ताडूनच डॉक्टर ठरवतात. मूळ कागद घरी आणि झेरॉक्स सोबत, ही पद्धत बरी. कारखान्यावर निघणाऱ्या मुलाने वरच्या पानाचा फोटो स्वतःच्या, पत्नीच्या आणि शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवून, फाइल कुठे आहे ते दाखवूनच घराबाहेर पडावे. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक काढला असेल तर तोही वरच्या पानावर लिहावा. त्याला जोडलेले अहवाल आपल्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. छातीत दाब, घाम, धाप. तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोली अडखळणे. किंवा पाय अचानक थंड, पांढरट आणि असह्य दुखरा होणे, यांपैकी काहीही झाल्यास आधी १०८ ला फोन करावा. फाइल शोधण्यात वेळ दवडू नये. ती मागून कोणीही आणून देईल.

शेवटचा कागद

एक विषय अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही. घरात कोणी गेले की नोंदीत ‘हृदयक्रिया बंद पडून’ किंवा ‘वृद्धापकाळ’ असे लिहिले जाते. हृदय तर प्रत्येक मृत्यूत थांबते. ती मरणाची रीत झाली, कारण नव्हे. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात लगतचे कारण आणि त्यामागचे मूळ कारण अशी साखळी लिहायची असते. उदाहरणार्थ, हृदयविकाराचा ताजा झटका, त्यामागे हृदयधमन्यांचे काठिण्य, आणि जोडीला मधुमेह. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून, रुग्णालयात मृत्यू झाल्यास त्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनामूल्य देणे बंधनकारक आहे. घरी मृत्यू झाल्यास, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जुनी फाइल दाखवावी, म्हणजे कारण नेमके लिहिता येते.

दुःखाच्या वेळी हे कशाला, असे वाटेल. ते मागे राहिलेल्यांसाठी आहे. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ वर्षांच्या आत हृदयधमन्यांचा आजार झाला असेल, तर पुढच्या पिढीचा धोका वाढलेला समजतात. “आजोबा कशाने गेले?” या प्रश्नाचे खरे उत्तर घरात असेल, तर चाळिशीतला नातू रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल वेळीच तपासून घेईल, तंबाखू सोडण्याचा विचार करील.

घरातील औषधांच्या डब्याशेजारी किंवा माळ्यावरच्या पिशवीत हे सगळे कागद आज कुठेतरी आहेतच. येत्या रविवारी ते खाली काढावेत, तारखेप्रमाणे लावावेत, आणि पाच प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरे सापडत नाहीत ती वरच्या पानावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावीत. काम तासाभराचे आहे, आणि ते घरातील कोणालाही करता येते.